आत्यानं नापास केलेलं कुलूप

ॲपमधलं ते हिरव्या कुलपाचं चित्र मी काढलं होतं आणि मला त्याचा भारी तोरा होता. लातुरात आमचं छोटं ऑफिस आहे. डॉक्टर आणि पेशंट यांच्यातल्या मेलचं ॲप आम्ही बनवतो. त्यातला मजकूर त्या दोघांशिवाय कोणालाच वाचता येत नाही, अगदी आम्हालाही नाही. हे वापरणाऱ्याला एका नजरेत कळावं, अशी खूण ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी डॉक्टरांच्या नावाशेजारी कुलूप लावलं आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

जळकोटची माझी आत्या झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. तिच्या छातीत गाठ लागत होती. घर भरलेलं, त्यामुळे फोनवर असलं बोलायची सोय नाही. लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कधीपासून, कसं, सगळं लिहून पाठवा, मग तपासणीची तारीख देते." मी आत्याच्या फोनवर आमचं ॲप टाकून दिलं.

आठ दिवसांनी फोन करून विचारलं, "आत्या, पाठवलंस का?"

"लिवून ठिवलंय की. पण डॉक्टरीणबाई गावाला गेल्यात वाटतं. रोज बघते, कुलूपच दिसायलंय."

आधी मला हसू फुटलं, मग माझी चूक कळली. दाराला कुलूप म्हणजे घरी कोणी नाही, मुकाट्यानं परत फिरायचं. हे जळकोटात शेंबड्या पोरालाही कळतं, फक्त मला सुचलं नव्हतं. त्या आठ दिवसांबद्दल मला अजून स्वतःचा राग येतो.

"अगं, ते सुरक्षित असल्याची खूण आहे. पाठव आत्ताच्या आत्ता."

"कशावरून? एका कुलपाच्या धा किल्ल्या असत्यात, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी जळकोट गाठलं, सोबत कागदावर काढलेल्या नव्या खुणा. साध्या, असुरक्षित मेलसाठी मी पोस्टकार्ड काढलं होतं आणि शोभेला त्याचा एक कोपरा छाटला होता. ते बघून आत्याचा चेहराच उतरला.

"कोपरा फाडल्यालं कार्ड? कोण गेलं?"

मयताची बातमी तशा कार्डावर यायची, हे मी विसरलेच होते. आजारी बाईपुढे मी नेमकं तेच नेऊन ठेवलं! मी कागद चुरगाळला. आत्यानं मात्र माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"लई शिकलीस, पण सरळ ते न्हाई सुचलं. पोरांना मी काय शिकवायचे? चारचौघात चालंल ते कार्डावर, खाजगी ते पाकिटात. कार्ड पोस्टमन बी वाचतो."

"आत्या, तुझं हे मेल पाकीटच आहे. चिकटवलेलं. फोडणार फक्त डॉक्टरीणबाई."

"मग तसं लिवायचं की! कुलूप कशाला लावून बसलीस?"

ती माझ्याकडे पाठ करून बसली, बराच वेळ आणखी काहीतरी लिहिलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्याच दिवशी तारीख मिळाली.

ऑफिसात साहेब म्हणाले, "कुलूप जगभर कळतं." मी ताडकन म्हणाले, "मग जळकोट काय जगाबाहेर आहे?" माझ्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी तिनं चांगलं काम केलं. आता ॲपमध्ये पाकीट आहे आणि त्याच्याखाली आत्याच्या वळणाची ओळ: "बंद पाकीट. फक्त तुम्ही आणि डॉक्टर वाचू शकता." हिमायतनगरहून आलेल्या एका पेशंटनं ती माझ्यासमोर मोठ्यानं वाचली, मान हलवली आणि लगेच लिहायला घेतलं. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

गाठ वेळेत निघाली. आत्या आता ठणठणीत आहे. मला जन्मापासून सगळं सांगत आलेली ही बाई, म्हणून परवा सहज विचारलं, "त्या दिवशी पाठ करून शेवटी काय लिहिलं होतंस गं?"

शेंगा सोलता सोलता तिनं वर बघितलं.

"पाकिटातलं इचारत्यात व्हय?"