शेवटची सीडी आधी

दिवेवाल्या काकूंना इंग्लंडमधल्या खुनांची जेवढी माहिती होती तेवढी तिथल्या पोलिसांनाही नसेल. विष कशात कालवतात, शिडीची पायरी कुठून कापतात, प्रेत दलदलीत टाकलं तर ते वर कसं येतं, हे सगळं त्या चहा गाळता गाळता सांगायच्या. आणि हीच बाई संध्याकाळी गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला एकटी जात नसे. पुढे काका, मागे काकू, काकूंच्या मुठीत काकांच्या शर्टाचं टोक, अशी ती वरात जिना चढायची. ‘‘आधी तुम्ही बघा,’’ मागून हुकूम यायचा, ‘‘टाकीमागं कोण न्हाय न्हवं?’’ काका टाकीमागे बघायचे. तिथे कधीच कोणी नसायचं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचे.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यांच्या शेजारी राहतो. हौस म्हणून नाटकात कामं करतो आणि पोटासाठी इथल्या एका दैनिकाची रविवारची पुरवणी काढतो. हौसेमुळे काकूंनी माझं नाव ‘नाटक्या’ ठेवलं आणि पोटामुळे त्या माझ्या लेखिका झाल्या. मुलींच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्या त्या दिवशी म्हणाल्या, ‘‘सुटलो बाबा. आता शुद्ध बोलायचं बंद.’’ (आमच्याकडे बायकाही ‘सुटलो’च म्हणतात.) काका कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात होते. जन्मभर यंत्रांच्या आवाजात उभं राहिल्यामुळे त्यांची बोलायची सवयच मोडली होती. त्यामुळे त्या घरात आवाज एकच होता, आणि तो चौकापर्यंत ऐकू यायचा.

लेक उज्ज्वला तिकडे इंग्लंडमध्ये नर्स. जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानांतून ती ब्रिटिश मालिकांचे संच उचलायची आणि कोल्हापूरला येणाऱ्या कोणाच्याही बॅगेत कोंबायची. एका मालिकेचे सगळे भाग एका पुठ्ठ्याच्या पेटीत, पुस्तकासारखी उघडायची पेटी. आत असायच्या डीव्हीडी, पण काकू त्यांना सीडीच म्हणत. तिकडची डीव्हीडी आपल्या प्लेअरला चालत नाही, त्याला आतून कुलूप असतं. शाहूपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याने रिमोटची बटणं दाबून ते कुलूप काढून दिलं. काकूंनी त्याला भडंग दिलं, चहा दिला, आणि मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. ‘‘म्हणजे आता तिकडचं सगळं खुनी आमच्या घरात येणार की रं!’’

मी एकदा म्हटलं, ‘‘काकू, हे सगळं आता मोबाइलवर दिसतं.’’

‘‘पेटीचं झाकण लावता येतंय,’’ काकू म्हणाल्या. ‘‘मोबाइलचं काय लावणार?’’

झाकण लावून त्यांचं समाधान होत नसे. पाहून झालेली पेटी कपाटात जाई आणि तिच्यावर खलबत्ता ठेवला जाई.

आता अशा बाईला भीतिदायक मालिकांची परीक्षणं लिहायला कोणी सांगितलं? मी. आणि तो माझ्या संपादकीय आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा निर्णय आहे. बाकीचे परीक्षक तारे देतात. काकू दिवे द्यायच्या. ‘‘तारं काय घरात असत्यात? भ्यालं की माणूस दिवा लावतोय.’’ एक दिवा म्हणजे भरदुपारी बैठकीतला. दोन म्हणजे स्वयंपाकघरातलाही. चार दिव्यांत जिना आणि गच्ची यायची. पाचवा दिवा माझ्या घरातला. त्या मालिकेच्या वेळी काकू खिडकीतून ओरडायच्या, ‘‘नाटक्या, तुझा बी लाव!’’ बोलणं असं, पण लेखणी हातात आली की शाळा परत भरायची. ‘पेटी भक्कम आहे, मात्र दुसऱ्या सीडीची मधली पकड तुटली आहे. पाद्री फारच सज्जन वाटतो, हे मला पसंत नाही. चार दिवे.’ किंवा, ‘तिकडे दार वाजल्यावर कोण आहे असं न विचारताच दार उघडतात. याचा दोष मी पोलिसांना देणार नाही, आयांना देईन.’

त्यांची बघण्याची पद्धत तर जगात कुठल्या परीक्षकाची नसेल. पेटी आली की काकू आधी शेवटची सीडी लावायच्या. कोण मेलं, कोणी मारलं, कोण वाचलं, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मगच पहिली. ‘‘शेवट ठाऊक असला की मी निवांत भितो,’’ त्या म्हणायच्या. शेवटच्या सीडीवर नटनट्यांच्या मुलाखतीही असायच्या, आणि त्या बघितल्याशिवाय तर पहिला भाग सुरूच होत नसे. तिथे गळा चिरलेली मोलकरीण खुर्चीत बसून खळखळून हसत असायची. काकू हात जोडायच्या. ‘‘जिती हाय बाई. च्या पितीय.’’

एवढी तयारी करूनही त्यांना आवाज सोसत नसे. भीती सगळी संगीतात असते, हे त्यांचं मत. म्हणून आवाज बंद, आणि खाली इंग्रजी अक्षरं चालू. पडद्यावर ‘पावलांचा आवाज’ असं उमटलं की काकू काकांचा दंड धरायच्या आणि त्या शांत घरात एकदम गर्जना व्हायची, ‘‘आरं मागं बघ की, मुर्दाडा! मागं!’’ तो गोरा इन्स्पेक्टर कधीच मागे बघत नसे. काका मात्र दर वेळी बघायचे.

एकदा भर दुपारी, नेमका दलदलीचा प्रसंग चालू असताना बेल वाजली. काकू जागच्या जागी उडाल्या. काका बाजारात गेलेले, घरात मी आणि त्या. त्यांनी जाळीच्या दारातून बघितलं तर बाहेर धोतर नेसलेला एक धिप्पाड गृहस्थ.

‘‘कोण पावणं? हात दिसू द्या आधी!’’

तो बिचारा दोन्ही हात वर करून उभा राहिला. ‘‘कोडोलीस्नं आलोय जी. ते दिवं देणाऱ्या बाई हितंच ऱ्हात्यात न्हवं?’’

‘‘व्हय. काय काम?’’

‘‘त्या पडक्या बंगल्याच्या मालिकेला तुमी दोन दिवं दिलासा. आमी आईला घेऊन बघितली. घरातलं सगळं दिवं लावलं, गोठ्यातला बी लावला, तरी म्हातारी झोपायला तयार न्हाय. दोन म्हणून सांगितलासा म्हणून बघितली, बाई. ह्ये काय बरं न्हाय.’’

मला वाटलं, काकू आता त्याला झाडतात. पण त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी जाळी उघडली, त्याला पंख्याखाली बसवलं आणि आई नेमकी कुठल्या प्रसंगाला दचकली, हे खोदून खोदून विचारलं. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापून आली: ‘कोडोलीच्या एका अनुभवी मातोश्रींच्या सूचनेवरून दोनाचे चार दिवे करत आहे. त्यांनी गोठ्यातलाही दिवा लावला होता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.’

मग काकांच्या छातीत दुखलं.

तपासण्या झाल्या. शिरा तुंबल्या होत्या, बायपास करायचं ठरलं. डॉक्टर तरुण होते, कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावत होते. काकूंनी तो कागद हातानं झाकला. ‘‘ते ऱ्हाऊ दे. शेवट काय हुईल तेवढं आधी सांगा.’’

‘‘काकू, बहुतेक चांगलंच होईल.’’

‘‘बहुतेक नगं.’’

‘‘त्यापेक्षा जास्त मला आज सांगता येणार नाही हो,’’ डॉक्टर म्हणाले. मी इतकी वर्षं काकूंना भ्यालेलं बघत होतो. पण त्या वेळी त्या ओरडल्या नाहीत, कोणाचा दंड धरला नाही. खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या. तेव्हा मी घाबरलो.

ऑपरेशनला आठवडा होता. घरात नवी पेटी येऊन पडलेली, एका बेटावरच्या खुनांची मालिका. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली, तेव्हा बघत बसण्याशिवाय काकांना उद्योग नव्हता. काकूंनी सवयीनं शेवटची सीडी काढली आणि काका बोलले.

‘‘एकदा पयल्यापासनं बघू की.’’

काकू वळल्या.

‘‘इतकी वरसं झाली,’’ काका म्हणाले, ‘‘खुनी कोण ते ठाऊक असतंय आणि मी गप बसून ऱ्हातोय. एकदा मला बी वळखू दे.’’

‘‘आणि मधीच कायतर झालं म्हणजे?’’

‘‘मग ऱ्हायलं.’’

काकूंनी ती सीडी जागेवर ठेवली. पहिली काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी ती प्लेअरमध्ये घातली. काकांच्या हट्टानं आवाजही चालू झाला. आणि मग त्या घरात मी कधी न पाहिलेला तमाशा सुरू झाला. काका बोलत होते! ‘‘त्यो बोटवाला बघ. त्येचं बूट कोरडं हाईत.’’ ‘‘डॉक्टरीण खोटं बोलतीय.’’ ‘‘नाटक्या, पैज लाव.’’ काकू दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून बसलेल्या. कोण मरणार हे ठाऊक नसताना त्या पहिल्यांदाच काही बघत होत्या. पडद्यावर दार करकरलं की त्या डोळे मिटायच्या आणि काका हळूच सांगायचे, ‘‘उघड. मांजर हाय.’’ दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी एकच सीडी उरली.

‘‘लावू?’’ काकूंनी विचारलं.

‘‘आल्यावर.’’

‘‘अहो, आत्ताच बघूया की.’’

‘‘आल्यावर म्हटलं न्हवं?’’

दुसऱ्या दिवशी काकांना भरती करून कपडे आणायला मी काकूंबरोबर घरी आलो. पिशवी भरता भरता त्या टीव्हीपाशी थांबल्या. पेटी उघडली, ती शेवटची सीडी कडेनं धरून उजेडात तिरकी केली, जणू आतलं वाचता येईल. मी म्हटलं, ‘‘काकू, बघायची तर बघा. मी काकांना सांगत नाही.’’

‘‘नगं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्यांच्याआधी मी शेवट बघितला आणि तिकडं काय वंगाळ झालं तर? भितो मी.’’ आणि त्यांनी पेटी मिटली.

ऑपरेशन चालू होतं तेव्हा बाहेरच्या बाकांवर आम्ही पाच-सहा घरची माणसं होतो. गडमुडशिंगीच्या एक बाई पदराचं टोक चावत बसल्या होत्या, त्यांचे मालकही आत होते. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, एकदा ऑपरेशनच्या खोलीच्या दारावरच्या लाल दिव्याकडे बघितलं, आणि खाकरून म्हणाल्या, ‘‘एक बेट असतंय बघा.’’ त्या सांगत गेल्या. बोटवाला, डॉक्टरीण, कोरडे बूट, सगळं. आवाज कापत होता, पण चढत होता. बाकांवरची माणसं सरकून जवळ आली. एक वॉर्डबॉय ट्रॉली भिंतीला लावून उभा राहिला. शेवटच्या सीडीपर्यंत येऊन काकू थांबल्या.

‘‘आणि मग?’’ गडमुडशिंगीच्या बाई म्हणाल्या. ‘‘कोण मारत हुतं?’’

‘‘ठाऊक न्हाय, बाई.’’

‘‘असं कसं? आता सांगा की!’’

‘‘आमचं ह्ये उठल्यावर बघणार हाय,’’ काकू म्हणाल्या, आणि त्यांनाच रडू फुटलं.

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली घेतला आणि काकांचं नाव घेतलं. काकूंनी मला पुढे ढकललं. मी चार पावलं गेलो, ऐकलं, मागे वळलो. काकू भिंतीला टेकून माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. ‘‘खरं सांग,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नाटक करू नगंस.’’

‘‘चांगलं झालंय, काकू. अजून गुंगीत आहेत.’’

त्यांचा विश्वास बसला नाही. डॉक्टरांनाही तेच दोनदा सांगायला लावलं, आणि तरीही काचेतून काकांना बघेपर्यंत त्यांनी पाणी घेतलं नाही.

त्या बेटाच्या मालिकेचं परीक्षण पुरवणीकडे आलं नाही. त्यानंतर कुठल्याच मालिकेचं आलं नाही. वाचक विचारायचे, कोडोलीचा गृहस्थ तर दोनदा येऊन गेला. काकू पुढे काही वर्षांनी झोपेतच गेल्या, कोणाला भ्यायलाही वेळ दिला नाही. परीक्षणं का थांबली हे मला ठाऊक आहे, कारण त्या दुपारी मी तिथेच होतो.

काका घरी येऊन थोडे दिवस झाले होते. ठरल्याप्रमाणे शेवटची सीडी लावली. काका पलंगावर, छातीशी उशी धरून. खोकला आला की टाके दुखू नयेत म्हणून दवाखान्यातून तसं शिकवून पाठवलेलं. काकू शेजारी खुर्चीत, मी खाली सतरंजीवर. बेटावर वादळ झालं, बोटवाला पळाला, डॉक्टरीण दिव्याच्या मनोऱ्याकडे धावली. मी गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. काका काहीच कसे बोलत नाहीत म्हणून वळलो, तर ते झोपले होते. आणि काकूंनी खुर्ची फिरवली होती. टीव्हीकडे त्यांची पाठ. रिमोट हातात, आवाज कधीचा बंद केलेला. उशी जरा वर जायची, जरा खाली यायची, आणि काकू डोळ्याचं पातं लवू न देता तिच्याकडे बघत होत्या. मधेच एकदा उशी हलायची थांबल्यासारखं वाटलं, तर अर्ध्या उठल्या आणि काकांच्या नाकाखाली बोट धरलं. मग बसल्या.

त्यांच्या पाठीमागे पडद्यावर मनोऱ्याचं दार उघडलं, आतला माणूस उजेडात आला. मला राहवलं नाही.

‘‘काकू! खुनी सापडला! बघा, बघा!’’

‘‘सापडू दे,’’ मागे न बघता त्या म्हणाल्या. ‘‘तू हळू बोल.’’