खडखडाट बँड आणि कलम सात

आमच्या रॉक बँडचं हजेरीपुस्तक माझे वडील ठेवतात.

बाकीचे बँड कसे चालतात मला माहीत नाही. त्यांच्यात भांडणं होतात, दारू पितात, हॉटेलच्या खिडकीतून टीव्ही फेकतात म्हणे. आमच्यात हजेरी घेतात. संध्याकाळी पाच ते सात तालीम, त्या वेळात येऊन सही करायची, आणि सहीला निळंच पेन. (लाल पेन अण्णांचं. त्याला घरात कुणी हात लावत नाही.)

याला कारण जागा. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही कॉलेजातल्या चार पोरांनी बँड काढला आणि भिंगारमध्ये कुणी आम्हाला उभं करेना. शेवटी अण्णांकडे आमच्या घराची वरची खोली मागितली. अण्णा तेव्हा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी विचारलं, "बँडचं नाव काय?"

"खडखडाट."

"नाव बरोबर ठेवलंय," अण्णा म्हणाले आणि कागद पुढे ओढला. "माझ्या घरात जे होईल ते नियमात होईल."

सहा कलमं त्यांनी लिहिली. सातवं मी सांगितलं. आमचा पहिला ड्रमवाला दिलीप कायम दांड्या मारायचा आणि तोंडावर 'जा' म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून कलम सात असं: सलग तीन तालमींना गैरहजर राहणाऱ्याचं नाव आपोआप कमी होईल. अण्णांनी विचारलं, "सबळ कारण असलं तर?" मी म्हटलं, "कारण विचारलं जाणार नाही, असं टाका." अण्णांनी माझ्याकडे जरा कौतुकानं पाहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिल्याचा तेवढाच प्रसंग मला आठवतो.

दिलीप गेला. पुढे कलम सातनं आणखी आठ ड्रमवाले नेले, सात गिटारवाले नेले, आणि एक बासरीवाला नेला जो मुळात कशाला घेतला होता तेच कुणाला आठवत नाही. कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न झालं, एकाला बायकोनं विचारलं, मी की बँड, आणि तो विचार करायला गेला तो आलाच नाही. प्रत्येकाच्या नावाखाली अण्णा पट्टी ठेवून लाल रेघ मारायचे. पहिल्या चौघांत रेघ न पडलेलं एकच नाव होतं. सुहास, गायक. म्हणजे मी. याचा मला इतका माज होता की नवीन माणूस आला की मी त्याला आधी पुस्तक चाळायला द्यायचो.

यंदा पंचविशी. नगरला एक बरा हॉल ठरवला, रविवारी संध्याकाळचा कार्यक्रम. आणि अण्णा म्हणाले, "येतो मी."

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. कारण पंचवीस वर्षांत अण्णांनी आमची हजेरी घेतली, पण गाणं ऐकलं नव्हतं. सह्या झाल्या की कानात कापूस घालून खाली पेपर वाचत बसायचे. मी गणिताचा मास्तर. आयुष्यात फार काही केलेलं नाही. एकदा अण्णांनी समोर बसावं आणि 'बरं गातोस' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ते आता ऐंशीचे झालेत. पुढची पंचविशी कोण बघणार?

आणि बुधवारी आमचा दहावा ड्रमवाला योगेश फोनवर म्हणाला, "दादा, पुण्याच्या बँडनं बोलावलंय. आजच निघतोय."

"अरे, रविवारी कार्यक्रम आहे."

"म्हणून तर आधी सांगतोय."

कार्यक्रमाला चार दिवस आणि ड्रमवाला नाही. मी मकरंदला आणि सादिकला बोलावलं. मकरंद बेस गिटार वाजवतो आणि बँकेत आहे. सादिक लीड गिटार वाजवतो, त्याचं मोबाईलचं दुकान आहे. दोघं म्हणाले, तालीम थांबवू. मी म्हटलं, मुळीच नाही, रोज तालीम झालीच पाहिजे. मी माणूस शोधून आणतो. मग तोपर्यंत गाणार कोण? माझी बायको वैशाली दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"वैशाली, तू नुसते शब्द म्हण गं. म्हणजे यांना कुठे थांबायचं ते कळेल."

"मला जमेल का?"

"न जमायला काय झालं? गायचं नाहीये, नुसतं म्हणायचंय." (हे वाक्य मी स्वतःच्या तोंडानं म्हणालो. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.)

गुरुवारी मी राहुरीला गेलो. आमचा चौथा ड्रमवाला नंदू तिथे साखर कारखान्यात आहे. तो भेटला तर त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला. "मोटरसायकलवरून पडलो," तो म्हणाला. "डाव्या हातानं एखादं गाणं वाजवीन फार तर." मग त्यानंच नाव सुचवलं. पारनेरजवळच्या एका वाडीत बाळू म्हणून आहे, हलगी वाजवतो, हाताला असा ताल आख्ख्या तालुक्यात नाही. हे सगळं बोलण्यात तालीम बुडाली. पहिली दांडी.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर पारनेर गाठलं. बाळू चाळिशीचा, कांद्याच्या ढिगात उभा. मी सगळं सांगितलं.

"डरम म्हंजी त्यो गोल असतो त्योच ना?"

"हो."

"मग वाजतो. गोल वस्तू समदी वाजती. पन कांदा भरल्याबिगर न्हाई यायचो. उद्या टेम्पो हाय नगरला. त्यातच येतो."

"आज नाही का जमणार?"

"सायेब, पाऊस आला तर कांदा तुमी वाळवनार का?"

मी तिथूनच घरी फोन लावला. "अण्णा, मी पारनेरला अडकलोय. बँडच्याच कामासाठी. माझी सही तेवढी करून टाका."

"दुसऱ्याची सही करणं हा गुन्हा आहे," अण्णा म्हणाले. "फोनवर हजेरी लागत नाही. आज दुसरी."

मी हसलो. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. दुसरी दांडी.

शनिवारी दुपारपासून मी बाळूच्या वाडीत. बाळूला एकट्याला सोडून आलो असतो तर तो आलाच नसता, म्हणून मीही गोणी उचलायला लागलो. पंचवीस वर्षांचा रॉक गायक आणि कांद्याच्या गोणी! पाच वाजता फोन वाजला. वैशाली. आवाज एकदम बारीक.

"अहो, कुठे आहात?"

"कांदा भरतोय."

"अण्णांनी पट्टी काढून ठेवलीय. लाल पेनाचं टोपण काढून बसलेत. सातच्या आत पोचा."

आता मात्र मला ती गंमत वाटेना. अण्णांना मी ओळखतो. कचेरीत त्यांनी एकदा स्वतःच्या सख्ख्या भावाचा अर्ज परत केला होता, कारण समास सोडला नव्हता. मी बाळूला म्हटलं, "चल, राहिलेलं उद्या भरू." तो म्हणाला, "आता धाच गोन्या." दहा गोण्या मी एकट्यानं चढवल्या. पाठीत काहीतरी कडकन वाजलं, पण थांबायला वेळ नव्हता.

पावणेसहाला टेम्पो निघाला. सुप्यापर्यंत मी घड्याळाकडे बघितलंच नाही. मग बघितलं आणि बघायला नको होतं असं वाटलं. ड्रायव्हरला म्हटलं, जरा दामट. तो म्हणाला, माल जास्त हाय. साडेसहाला केडगाव आलं. अजून नगर ओलांडायचं, मग भिंगार. पण जमत होतं. अगदी नखभर अंतरानं, पण जमत होतं.

आणि केडगावात वरात आडवी आली.

नवरदेव घोड्यावर, पुढे पोरं नाचतायत, आणि रस्ता बंद. मी खाली उतरून हात जोडले. कुणी ऐकेना. तेवढ्यात गर्दीतून एक आवाज आला, "आरं, बाळूअण्णा हाय टेम्पोत!" बस्स. बाळूनं सीटखालून हलगी काढली.

"बाळू, नको. पाया पडतो तुझ्या."

"दोनच मिन्टं, सायेब. वळखीची मान्सं हायेत. न्हाई म्हनलं तर बरं दिसतं व्हय?"

बाळू उतरला. त्यानं हलगीवर पहिली थाप मारली आणि मला खरं सांगायचं तर दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, असा ड्रमवाला आमच्या बँडला पंचवीस वर्षांत मिळाला नव्हता. दोन, ही दोन मिनिटं नव्हेत. घोडासुद्धा नाचायला लागला. मी टेम्पोच्या पायरीवर उभा राहून घड्याळ बघत होतो आणि माझा पाय ताल धरत होता, त्याचा मला मनस्वी राग आला.

अकरा मिनिटं गेली. पुढे ड्रायव्हरनं टेम्पो असा काढला की दोन गोण्या रस्त्यात पडल्या आणि बाळूनं पहिल्यांदाच देवाचं नाव घेतलं. मी घराचा जिना चढलो तेव्हा दम लागून बोलता येत नव्हतं. अण्णा वरच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. पुस्तक मांडीवर. बंद.

"सात वाजून चार मिनिटं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मी बँडसाठीच..."

"कारण विचारलं जाणार नाही. तुझेच शब्द आहेत."

मी पुस्तक उघडलं. सुहास, गायक. खाली लाल रेघ. पट्टी ठेवून मारलेली, इकडची तिकडे नाही. वैशाली माझ्याकडे बघेना. मी मकरंदला म्हटलं, "अरे, तू तरी सांग यांना."

मकरंद जमिनीकडे बघत म्हणाला, "दादा, तसं मी सांगितलं असतं. पण गाणी सगळी आता वहिनींच्या पट्टीत बसवलीत."

"मग परत माझ्या पट्टीत आणा."

"एका दिवसात कशी फिरवणार? आणि दादा..." तो थांबला.

"बोल की."

सादिकनं वाक्य पूर्ण केलं. "त्या पट्टीत गाणी जास्त चांगली वाटतायत."

मागे बाळू ड्रमसेटभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "येवढं समदं एकट्यानंच वाजवायचं व्हय?"

रविवारी मी पहिल्या रांगेत अण्णांच्या शेजारी बसलो. पाठीला पट्टा. (गोण्यांचा प्रताप.) अण्णांनी शिस्तीत दोन्ही कानांत कापूस घातला. पडदा उघडला. वैशालीनं माईक दोन्ही हातांनी घट्ट धरलेला मला इथून दिसत होता. मनातल्या मनात मी म्हणत होतो, देवा, हिला निभावून ने. आणि खरं सांगतो, मनाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात दुसरंही काहीतरी म्हणत होतो. ते इथे लिहीत नाही. घरात हे वाचतील.

पहिल्या कडव्यालाच मोठ्या ड्रमच्या, पायानं दाबायच्या पेडलची साखळी निसटली. ठोका बंद. मकरंदनं वैशालीकडे बघितलं, वैशालीनं माझ्याकडे बघितलं. बाळू शांतपणे खाली वाकला, स्टुलाखालून हलगी काढली आणि सुरू झाला. त्या ठेक्यावर वैशालीनं जो आवाज लावला तो मी अठरा वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. (ऐकला होता, पण तेव्हा मी ओला टॉवेल गादीवर टाकला होता.) माणसं उठून उभी राहिली. मी शेजारी पाहिलं. अण्णांनी एका कानातला कापूस काढला. मग दुसऱ्या कानातला. मग ते दोन्ही बोळे माझ्या हातात दिले, धर म्हणून.

आमच्या बँडला पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच वन्समोअर मिळाला. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. अभिमानानं आणि हेव्यानं एकदम, निम्मे निम्मे.

कार्यक्रम संपल्यावर अण्णा काठी टेकत स्टेजपाशी गेले. वैशालीनं वाकून नमस्कार केला. अण्णा म्हणाले, "सूनबाई, बरं गातेस."

पंचवीस वर्षं ज्यासाठी घसा फोडला ते वाक्य माझ्यापासून दोन हातांवर दुसऱ्याला मिळालं. मी तसाच उभा राहिलो, हातात कापूस घेऊन. अण्णा वळले, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कलम सात चांगलं सुचवलं होतंस तू." त्यांच्या चेहऱ्यावर तेच जुनं कौतुक होतं. म्हणजे आता दोन प्रसंग झाले.

अण्णांनी पुढे जोडलेलं कलम आठ म्हणतं की कमी झालेला माणूस जागा रिकामी झाली तरच परत येऊ शकतो. म्हणून मी वैशालीच्या तीन दांड्यांची वाट बघतोय. आठ महिने झाले, तिची एकही नाही. मागे तिला ताप होता, मी प्रेमानं म्हटलं, "आज पडून राहा, तालमीला नको जाऊस." ती म्हणाली, "तुमचा डाव कळतो मला," आणि शाल गुंडाळून वर गेली.

मला सवय सुटत नाही. रोज पाचला मीही जिना चढतो आणि दाराशी बसून ऐकतो. अण्णांनी माझ्यासाठी पुस्तकात मागे वेगळं पान घातलंय, 'श्रोते'. त्यात मी एकटाच आहे. परवा शाळेच्या परीक्षेमुळे दोन दिवस उशीर झाला, तर अण्णा खाली आले, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "सुहास, उद्या वेळेवर ये. तिसरी झाली तर मला इथूनही नाव कमी करावं लागेल."