गेममधला मास्तर

माझे बाबा मुलुंडला आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये कराटे शिकवायचे. बेल्टची परीक्षा झाली की प्रत्येक पोराला पालकांसमोर उभं करून त्याची जमेची बाजू आणि लंगडी बाजू सांगायचे. कौतुक थोडक्यात, वाभाडे सविस्तर. एका जाड्या मुलाला म्हणाले होते, "याला पाडायला कोणी लागत नाही, हा आपला आपणच पडतो." सगळे हसले, त्या मुलाची आईसुद्धा. माझी पाळी आली की म्हणायचे, "हिची जमेची बाजू एकच. ही माझी मुलगी आहे." दरवर्षी हेच. मी वाकून नमस्कार करायचे आणि जागेवर जाऊन बसायचे.

आता मी अंधेरीत एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लिहिते. आमचा नवा गेम मर्दानी खेळांचा आहे. एक मुलगी सह्याद्रीतल्या डोंगरावर, एका तालमीत राहून लाठी आणि दांडपट्टा शिकते. कोणाशी काय बोलायचं, कोणाला सोडायचं, कोणाला झोडायचं हे खेळणारा ठरवतो आणि त्याप्रमाणे गोष्ट पुढे सरकते. मारामारी दुसऱ्या टीमची, गोष्ट माझी. तालमीतला मास्तरही माझाच. शांत माणूस. मुलगी चुकली तर तो म्हणायचा, "दमलीस. बस जरा." मला असा मास्तर हवा होता, म्हणून मी तो लिहिला.

गेम बाजारात यायच्या आधी मी तो घरी आणला. मला बाबांच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकायचा होता, दुसरं काही कारण नव्हतं. आई गेली, अर्धांगवायूने बाबांचा डावा हात गेला, घरात आम्ही दोघंच उरलो, तरी माझी ही हाव सुटली नव्हती. कंट्रोलरला दोन हात लागतात. म्हणून रविवारी दुपारी आम्ही सोफ्यावर खेटून बसलो. डावी बाजू मी धरली, उजवी त्यांनी. मुलीला चालवायचं मी, मारायचं त्यांनी. मारायचं त्यांना लगेच जमलं.

पाचसहा माणसं लोळवून झाल्यावर परीक्षेसारखी पाठ ताठ करून त्यांनी निकाल सुनावला. "लाठी झकास. वजन कळतं. आधी पाय हलतो, मग हात. ज्याने केलंय त्याला खेळ कळतो."

म्हणजे दुसऱ्या टीमला. मी विचारलं, "आणि लंगडी बाजू?"

"पायात लाठी घालायचा एक डाव सापडला की सगळे त्यानेच पडतात. मग बाकीचं शिकायचं कशाला? आणि ही माणसं बोलतात किती गो? मारामारीला आलेत की साखरपुड्याला?" मग तो मास्तर आला, आणि बाबा मालवणीवर उतरले, मास्तरला थेट आई करून टाकलं. "ह्यो मास्तर नाय, ही तर आवस! पोरां डोक्यार चढतली. कोणी लिवल्यान ह्या?"

"मी."

"माका वाटलाच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी मास्तरची सगळी वाक्यं पुसली आणि त्या जागी हॉलमधली वाक्यं घातली. जाड्या मुलाचं, तोतऱ्या मुलाचं, माझं. पदरचा एक शब्द घातला नाही. एरवी जांभया देणारा आमचा टीम लीड म्हणाला, "आता लिखाणात जान आली." बाहेरून चाचणीला बोलावलेली मुलं त्या मास्तरसमोर ताठ बसून खेळायला लागली. बाबांचं बरोबर होतं, याचा मला जास्तच राग आला.

गेम पुन्हा घरी आणला. पहिल्याच शिवीला बाबा खूश. "आता कसा! हा मास्तर खरा. कुठून आणलास?"

"आपल्या हॉलमधून."

ते मनापासून हसले. पुढचे दोन रविवार आपलंच एकेक वाक्य आलं की माझ्या गुडघ्यावर थाप मारायचे. मग शेवटचा भाग आला. मास्तर म्हातारा झालाय, अंथरुणाला खिळलाय. मुलीने तिथे राहायचं की डोंगर उतरून निघून जायचं? बटण बाबांच्या हातात होतं. त्यांनी ते दाबलं नाही.

"लोक काय करतात?"

"उतरतात. चाचणीला आलेले जवळजवळ सगळेच."

"कोणीच राहत नाय?"

"एखाददुसरा राहतो. वेगळा शेवट बघायला मिळतो का म्हणून."

"मिळतो?"

"नाही. मास्तर मरेपर्यंत शिव्याच घालतो."

हे मी तोंडावर सांगितलं, आणि सांगताना मला बरं वाटलं. बाबांचा अंगठा बटणावर नुसताच टेकून होता. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मला दिसलंच नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी 'उतर' दाबलं.

"गोष्ट बरी लिवलंस," ते म्हणाले.

उतरायची वाट मात्र चालवावी लागते, आपोआप होत नाही. डावी बाजू माझ्याकडे होती. मी मुलीला पायवाटेने खाली नेत राहिले. मागे तालमीतून, अंथरुणावरूनच मास्तर हाक मारत होता, आणि बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा सावकाश ने."

मी वेग कमी केला नाही.