चिंधाचं खरं वय

बुधवार, ६ नोव्हेंबर २०२४. विसरवाडी. सकाळी धुकं, नंतर ऊन. पाणी सव्वासातला आलं, अर्धा तास टिकलं. मागच्या दाराची कडी सैल झाली होती, ती ठोकून घेतली. दहा वाजता चिंधा आला. सोबत नात रंजिता, वय सहा. सीताफळं आणली. शनिवारी मुकादमाचा ट्रक येणार, पोरीलाही ऊसतोडीला नेणार म्हणतो. तिचं डोकं चालत नाही म्हणतो.

एवढं लिहून रूथबाईंनी पेनाला टोपण लावलं. नंदुरबारला सिस्टरांच्या शाळेत असल्यापासून रोज संध्याकाळी डायरी लिहायची त्यांना सवय. सिस्टर म्हणायच्या, दिवस जसा गेला तसा लिहा, जसा जायला हवा होता तसा नको. पासष्ट वर्षं त्यांनी ते पाळलं होतं. आज मात्र शेवटच्या वाक्याने त्यांना अडवलं. चिंधाचं डोकं चालत नाही, हे सगळ्यांत आधी त्याच म्हणाल्या होत्या. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, भर वर्गात.

चिंधाचं गाव विसरवाडीहून जीपने अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याशी. रूथबाईंच्या नोकरीची पहिली बारा वर्षं तिथल्या एका खोलीच्या शाळेत गेली. चिंधा तिथे जेमतेम सव्वा वर्षं टिकला, पण दरवर्षी सीताफळं पिकली की टोपली घेऊन यायचा तो एकटाच.

आज सकाळीही तो आल्या आल्या ओट्यावर खालीच बसला.

"अरे, खुर्चीवर बस की."

"नको बाई. खुर्चीवर बसलो की तुम्ही पाढे विचाराल."

रंजिता आजोबाच्या पाठीशी चिकटून सीताफळ खात होती. बाईंनी तिला शाळेचं विचारलं, तिने मान खाली घातली.

"तिला काय विचारता? मास्तर म्हणतात, मागे पडते. म्हटलं, इथं ठेवून तरी काय करायचं? तिचे आईबाप, मी, तिची आजी रमीबाई, सगळेच सुरतेकडे तोडीला जाणार. होळीला परत. तिथं धाकट्या भावाला तरी सांभाळेल."

"माझ्याकडे ठेव. इथल्या शाळेत बसवते, घरी मी शिकवते."

"उगाच तुमच्या जिवाला ताप. आमच्या घरातच डोकं नाही, बाई. मलाच बघा ना. तुम्ही इतकं घासलं, काही उजळलं का?" तो हसला. "ती पाटी आठवते का?"

बाईंना आठवत होती. पण चिंधाला ती गोष्ट सांगायला आवडायचं, दरवर्षी नव्याने.

"पाटीवर लिहून बाईंनी माझ्या गळ्यात अडकवली," तो नातीला सांगू लागला. "मला वाटलं, बक्षीस! गावभर मिरवत घरी गेलो. बापाने दारावर खिळा ठोकून टांगली. महिनाभर होती. मग तलाठी आला आणि त्याने वाचली, 'मी ढ आहे'. बाप इतका हसला, इतका हसला! दुसऱ्या दिवसापासून मी बकऱ्यांमागे."

आजोबा हसतो म्हणून पोरगी हसली. तोवर तिने सीताफळाच्या बिया फरशीवर मांडल्या होत्या, पाच-पाचच्या ओळी. शेवटच्या ओळीला दोन कमी पडल्या, तर तिने दुसरं फळ फोडून दोन बिया काढल्या आणि ओळ पुरी केली. चिंधाने ते पाहिलं नाही. रूथबाईंनी पाहिलं.

संध्याकाळी डायरी मिटल्यावर त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. वर्षांप्रमाणे लावलेल्या वह्यांमधल्या दोन काढल्या. काय सापडणार ते त्यांना ठाऊक होतं, तरी नेमके शब्द पाहायचे होते.

१७ फेब्रुवारी १९७१. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या घरी पहाटे मुलगा झाला. गूळ घेऊन गेले. नाव चिंधा ठेवणार.

१४ जून १९७५. पटावर एक कमी. परवा तपासणी. वीस भरले नाहीत तर शाळा बंद होईल. बहिणीच्या कडेवर येतो त्या चिंधाचं नाव घातलं. जन्म १ जून १९६९. सॅम्युअल म्हणाले, पोरगं लहान आहे गं. मी म्हटलं, सांभाळून घेईन.

त्या काळी १ जून सगळ्यांचाच असायचा. आईबापांना तारीख ठाऊक नसे, मास्तर अंदाजाने लिहीत. इतकी वर्षं रूथबाई मनाची हीच समजूत घालत आल्या होत्या. पण चिंधाच्या बाबतीत अंदाजाचा प्रश्नच नव्हता. तारीख त्यांच्या स्वतःच्या अक्षरात पेटीत होती, नवऱ्याने टोकल्याचंही त्याच अक्षरात होतं. आणि सांभाळून घेणं? तपासणी पार पडली आणि त्या विसरून गेल्या. सव्वाचार वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसवून त्याच्याकडून मुळाक्षरं मागत राहिल्या, येईनात म्हणून रागावत राहिल्या. पाटीच्या दिवसाची नोंद पुढच्या वर्षीच्या वहीत होती, ऑगस्टमध्ये; तीही त्यांनी काढून पाहिली. 'चिंधाला पाटी अडकवली. आता तरी सुधारेल.' त्याच्याच खाली, 'भोपळ्याचा वेल मांडवावर चढवला.'

दोन वर्षांपूर्वी त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा चर्चच्या अंगणात कार्यक्रम झाला होता. नोकरी, संसार, मुलं, गाण्याचं पथक, बाग, बाईंनी कशालाच काही कमी पडू दिलं नाही, असं जो तो बोलला. चिंधा शेवटच्या रांगेतून सगळ्यांहून जोरात टाळ्या वाजवत होता. ते आठवून रूथबाईंनी वही मिटली. गप्प राहिलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. फक्त शनिवारी ट्रक येणार होता.

गुरुवारी सकाळी त्या पहिल्या दोन्ही वह्या पिशवीत घालून जीपने निघाल्या.

चिंधा अंगणात कोयत्याला धार लावत होता. बाईंना पाहून त्याने लगबगीने खाट झटकली. "बाई! निरोप धाडला असता तर मीच आलो असतो."

"चिंधा, काम थांबव. मला तुला काही वाचून दाखवायचंय."

त्याची बायको रमीबाई चुलीपासून उठून दारात आली. रंजिता तिच्या लुगड्याआड. रूथबाईंनी चष्मा लावला आणि दोन्ही नोंदी वाचल्या. मग वर न बघता म्हणाल्या, "तू सहा वर्षांचा नव्हतास. सव्वाचार वर्षांचा होतास. मला माहीत होतं. त्या वयात कुणालाच येत नाही रे. तुझं डोकं चांगलं होतं. चूक माझी होती."

चिंधाने अंगठ्याने कोयत्याची धार पाहिली. मग हसला. "काहीतरीच बाई. मला बरं वाटावं म्हणून सांगता."

"काय म्हनी ऱ्हायन्यात बाई?" रमीबाईने घरच्या बोलीत नवऱ्याला विचारलं.

"म्हणतात, मी ढ नव्हतो."

"आनि तू एवढा दिन हासी ऱ्हायना व्हता!"

चिंधाचं हसू गेलं. "पुन्हा वाचा," तो म्हणाला. त्यांनी पुन्हा वाचलं. या वेळी त्याने प्रत्येक शब्दावर नजर ठेवली, जणू त्याला वाचता येत होतं.

"ग्रामसभेत कागद आला की मी बाहेर जाऊन तंबाखू मळतो, बाई. लोक म्हणाले, तू पंच हो, तर पळून गेलो. म्हटलं, डोकं नाही, लोक हसतील." त्याने कोयता खाली ठेवला. "ते जाऊ द्या. माझा पोरगा चौथीत होता. एकदा नापास झाला. मीच काढला त्याला. म्हटलं, माझ्यावर गेलाय. तो रडत होता, बाई. मला शाळेतच जायचंय म्हणून रडत होता."

हे रूथबाईंना ठाऊक नव्हतं. त्या एका मुलाचं सांगायला आल्या होत्या आणि दुसरा मुलगा निघाला. ज्याचं नाव त्यांच्या कुठल्याच वहीत नव्हतं.

"मला माफ कर, चिंधा."

 रमीबाईने चहा आणला, तो चिंधापुढे तसाच निवला. बऱ्याच वेळाने तो उठला आणि घरामागे गेला. रूथबाई वाट पाहून उठल्या. "पोरीला माझ्याकडे ठेवा," एवढंच रमीबाईला म्हणाल्या. एरवी चिंधा त्यांची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत यायचा आणि जीपवाल्याला दम द्यायचा, "बाईंना पुढे बसव." आज त्या एकट्याच उतरणीवरून चालत गेल्या. वह्या जड लागत होत्या.

फाट्यावर जीप नव्हती. त्या मोहाच्या झाडाखाली दगडावर बसल्या. अर्धा तास गेला. दुरून रमीबाई येताना दिसली, काखेत गाठोडं, हाताला रंजिता.

"होळीपर्यंत," रमीबाई म्हणाली, जरा दमून. "तिची आई रडते, पण हो म्हणाली. दोन फ्रॉक आहेत. डोक्यात उवा आहेत, बघा."

"तो काय म्हणाला?"

"तुमच्याबद्दल? काहीच नाही." रमीबाईने गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. "मास्तरला फोन लावला त्याने. विचारत होता, माझ्या नातीचं वय खरं लिहिलंय ना? तीन वेळा विचारलं. मास्तर चिडले."

जीप आली. जीपवाल्याने विचारलं, "बाई, आज चिंधादादा नाही का?" रूथबाई मागच्या बाकावर बसल्या, पोरीला खिडकीपाशी घेतलं.

संध्याकाळी त्यांनी टेबलाशी बसून लिहिलं. गावाला गेले, काय सांगितलं, चिंधा काय बोलला, काय बोलला नाही, त्याच्या मुलाचं, सगळं क्रमाने. दीड पान झालं. शेवटी लिहिलं, पाऊण वाटीऐवजी दीड वाटी तांदूळ लावला. रंजिताने दोनदा घेतला. सकाळसाठी भात उरला नाही.