नथूने मारलेलं झाड

नथू भोईरची ओळख करून द्यायची तर आधी त्याने कोणाकोणाला मारलं ते सांगावं लागतं. उमेळ्यात, त्याच्या गावी, त्याची ओळख तशीच करून देतात. थोरल्या भावाचे पुढचे दात त्याने बांधाच्या भांडणात पाडले. बिल्डरच्या वतीने वाडी मोजायला आलेल्या माणसाच्या हातावर कोयता चालवला. त्याची दोन बोटं गेली आणि नथू सव्वा वर्ष तुरुंगात बसून आला. तेवढ्यात भावांनी वाडी विकून टाकली. सुटून आल्यावर नथूने पहिलं काम काय केलं, तर त्या जागेवर उभं केलेलं वॉचमनचं पत्र्याचं केबिन एकट्याने उलटं पाडलं. वॉचमन आत होता. दोन बायका केल्या, दोघी मार खाऊन गेल्या. या यादीत शेवटी माझंही नाव आहे, पण माझ्यावर फेकलेला कोयता मला लागला नाही.

असला माणूस तू कामाला ठेवलासच कशाला, असं मला घरी, कॉलेजात आणि वनखात्याच्या कचेरीतसुद्धा विचारून झालं. उत्तर सोपं होतं. तो झाडावर चढायचा. साठी उलटली होती, पण पायात दोरीचा फास अडकवून सत्तर फुटी सरळसोट खोडावर असा सरसर जायचा, की खाली उभ्या माझ्या विद्यार्थ्यांनी तोंडं मिटायची विसरावीत. आणि मीही काही गरीब गाय नाही. मी राहते त्या एव्हरशाईनला आमच्या सोसायटीतला गुलमोहर तोडायला माणसं आली, तेव्हा मी वरचा माणूस वर असतानाच खालची शिडी काढून घेतली होती. तेव्हापासून सेक्रेटरी मला पाहिलं की दुसऱ्या जिन्याने जातात. आमचं दोघांचं जमणारच होतं.

झाड मला २०१९च्या फेब्रुवारीत सापडलं. तुंगारेश्वरच्या माथ्यावर, दोन हजार फुटांवर, एक अरुंद घळ आहे. समुद्रावरून आलेला ढग तिथे अडकतो आणि महिनोन्‌महिने हलत नाही, त्यामुळे खडकांवर आणि खोडांवर बोटभर जाडीचं शेवाळ असतं. खालच्या सागाच्या रानाशी त्या घळीचं काही नातंच नाही. तिथे हे एकटं उभं होतं. करडी साल, खरवडली की लसणाचा वास, पानाच्या पाठीवर तांबूस लव, आणि पार शेंड्याला पिवळट फुलांचे घोस. कडुनिंबाच्या कुळातलं, हे लगेच कळलं. पण त्यातलं कोणतं, ते कुठल्याच पुस्तकात सापडेना. पुण्यापासून कोलकात्यापर्यंतचे वाळवलेले नमुने मी पालथे घातले. असं झाड कोणी पाहिलेलं नव्हतं, कोणी लिहिलेलं नव्हतं. बावन्नाव्या वर्षी, तेवीस वर्षं पोरांना जास्वंदीचं फूल उभं कापायला शिकवून झाल्यावर, माझ्या वाट्याला एक नवीन जात आली होती.

नव्या जातीचं वर्णन लिहायचं म्हणजे साल, पान, फूल, फळ, सगळं ओळीने मांडावं लागतं. माझ्याकडे फळ नव्हतं. दर वर्षी झाड फुलायचं, घोस गळून जायचे, फळ एकही नाही. मी तसंच लिहून पाठवलं, ते परत आलं. फळाशिवाय ही नवी जात मानता येणार नाही, फळ पाहून लिहा, असं तज्ज्ञांनी कळवलं. रागाने मी तो कागद फाडला आणि मग चिकटपट्टीने जोडला, कारण त्यांचं बरोबर होतं.

नथूला मी २०२१मध्ये आणलं. त्याने दोन हंगाम पाहिले आणि मग मला समजावलं.

"मॅडम, तुम्ही ह्याला लाडानं वागवता. मारल्याबिगर झाड धरत नाय."

आमच्याकडे सातारच्या बाजूलाही आजोबा खिळे ठोकायचे झाडाला, त्यामुळे मला ते अगदीच नवीन नव्हतं. नथूच्या घरची रीत अशी की ग्रहण लागलं की मुसळ घेऊन न फळणाऱ्या झाडाकडे जायचं. एकाने मारायचं आणि दर घावाला विचारायचं, धरशील का नाही? दुसऱ्याने झाडाच्या वतीने कबूल करायचं, धरेन, पुढल्या साली धरेन. मग मारणाऱ्याने मुसळ खाली टाकायचं. मी हसले. पण त्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सूर्याला ग्रहण लागलं तेव्हा मी घळीत उभी होते. नथूने उमेळ्याहून मुसळ खांद्यावर टाकून आणलं होतं. वनखात्याच्या परवान्यात एक लहान फांदी तोडायची मुभा होती. मुसळाचा उल्लेख त्यात नव्हता.

त्याने पहिला घाव घातला तो अंगातला सगळा जोर लावून. साल फुटली. दुसऱ्या घावाला आतलं पांढरं लाकूड दिसलं. तो ओरडत होता, "धरशील का नाय? बोल! धरशील का नाय?" त्याच्या तोंडाला फेस आला होता. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "बोला ना! झाडाच्या वतीनं कुनीतरी बोलाय लागतं. नायतर हात कसा थांबंल?"

मी म्हणाले, "धरेन." लाज वाटून हळू म्हणाले, म्हणून त्याने आणखी चार घाव घातले. मग मी मोठ्याने म्हणाले.

नंतर खडकावर बसून, घाम पुसत, त्याने मला भागूबाईचं, त्याच्या पहिल्या बायकोचं, सांगितलं. हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. वाडीत एक फणस होता, आठ वर्षं धरत नव्हता. अशाच एका ग्रहणात नथूने त्याला मारलं. मुसळ हातातच होतं. त्याची आई ओट्यावरून म्हणाली, झाडाला मारलंस तसं हिलाही मार, हिला नऊ वर्षांत पोर नाही.

"मंग मारला," नथू म्हणाला.

"भागूबाईला? मुसळाने?"

"दुसऱ्या साली फनस लागला ना! खाली बुंध्यापासून लागला."

"आणि भागूबाई?"

"ती खुब्यात मोडली. भावानं उचलून नेली पापडीला. मंग आली नाय."

"तिच्या वतीने कोण बोललं, नथूभाऊ?"

त्याने खरोखर आठवून पाहिलं. तेवढं मात्र मी त्याच्या बाजूने सांगेन.

"कोनच नाय बोलला," तो म्हणाला.

मी त्याला तिथल्या तिथे हाकलायला हवं होतं. पण फेब्रुवारीत झाड फुलणार होतं, शेंड्याला चढणारा दुसरा माणूस माझ्याकडे नव्हता, आणि मला फळ हवं होतं. मी उठले आणि म्हणाले, चला, अंधार पडायच्या आत उतरू.

फेब्रुवारीत गेले तर झाड फुललेलं होतं आणि कमरेएवढ्या उंचीवर खोडाची साल चारी बाजूंनी हातभर रुंदीची सोलून काढलेली होती. नथूने माझ्या नकळत येऊन हे केलं होतं. काही बागाईतदार फांदीची साल अशी काढतात, फळ धरावं म्हणून. फांदीची! सबंध खोडाची काढली की झाड उभ्याउभ्या मरतं. माझ्या हातात नमुने दाबायच्या चौकटीचा कातडी पट्टा होता. तो मी नथूच्या पाठीवर ओढला. एकदा नाही, हात दुखेपर्यंत. आयुष्यात मी कोणाला असं मारलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

नथू हलला नाही. "मारा," म्हणाला, "पन फल येनार."

त्याच दिवशी घरी येऊन मी ताजी फुलं सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. रागात होते, म्हणून असेल, पण फुलाच्या मधला तो बारीक गाभा, ज्याचं चित्र मी चार वर्षं बाहेरून बघून काढत आले होते, तो मी पहिल्यांदा पात्याने आडवा कापला. आत काही नव्हतं. बी जिथे तयार व्हायला हवं तिथे नुसता भरीव दांडा. दुसरं फूल कापलं, तिसरं कापलं, चाळीस कापली. या कुळात नराच्या फुलालाही मादीचा अवयव असतो, दिसायला अगदी खरा, आतून पोकळीही नसलेला. हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. माझं झाड नर होतं. त्याला फळ येणं शक्यच नव्हतं, आणि आम्ही दोघांनी त्याला त्यासाठी मारलं होतं.

पुढच्या रविवारी घळीत मी नथूला हे सांगितलं. याची मादी वेगळी असते, ती दुसरीकडे कुठे तरी असणार. यात दोषच नव्हता. याला मारून काही होणार नव्हतं.

मग कोयता माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या खोडात रुतला.

"खोटा बोलतेस!"

मी त्याला माझ्या आजोळच्या दोन ठेवणीतल्या शिव्या दिल्या आणि भिंग हातात कोंबलं. कापलेलं फूल दाखवलं. त्याला त्यातलं काय कळलं देवाला ठाऊक. पण तो खाली बसला आणि कपाळ खडकावर आपटू लागला. रक्त डोळ्यांत उतरलं तरी थांबेना. मी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून ठेवलं.

"दुसरीलापन पोर नाय झाला," तो म्हणाला. "दुसरीलापन मारला. मना म्हाईत होता, मॅडम. कुठंतरी म्हाईत होता."

मादी आम्हाला एप्रिलमध्ये सापडली, पलीकडच्या घळीत, वीस मिनिटांच्या अंतरावर. शेंड्याला लिंबाएवढी हिरवी फळं लागलेली. आमचं मारलेलं झाड मरता मरता जेवढं फुललं होतं, त्याच्याच परागांची ती. नराची पानं तोवर झडली होती. आम्ही सगळा माथा पिंजून काढला, दुसरा नर मिळाला नाही. म्हणजे आम्हाला दिसलेली हीच फळं पहिली आणि हीच शेवटची. मेअखेर ती पिकणार, पावसाआधी काढली नाहीत तर माकडं आणि वारा काही ठेवणार नाही, आणि माझी जात कागदावर यायची ती कधीच येणार नाही.

फळांना रंग चढला त्या आठवड्यात नथू अडून बसला.

"आधी भागूला सांगायचा. मंग चढतो."

"अहो, आधी चढा, मग हवं तितकं सांगा!"

"नाय. आधी तिला."

म्हणून मी त्याला स्कूटरच्या मागे बसवून पापडीला नेलं. कोयता डिकीत टाकून डिकीला कुलूप लावलं. भागूबाई भावाच्या घरामागे केळीच्या पानांचे गठ्ठे बांधत बसली होती. बारीक, काळी, केस पूर्ण पांढरे. शेजारी जाड वेताची काठी. तिने नथूला ओळखलं, पण हातातला गठ्ठा बांधून होईपर्यंत मान वर केली नाही. अठ्ठावीस वर्षांनी नवरा समोर उभा होता.

नथू म्हणाला, "भागू, दोस तुझ्यात नव्हता. माझ्यात व्हता."

"परत बोल," ती म्हणाली.

तो परत बोलला.

ती काठीच्या आधाराने उठली. उठायलाच तिला किती वेळ लागला. एका पायावर भार टाकून ती नीट उभी राहिली, काठी दोन्ही हातांत धरली आणि नथूच्या खांद्यावर हाणली. मग मानेवर. मग त्याने नकळत वर केलेल्या उजव्या हातावर, आणि हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. तो ओरडला नाही, मागेही सरला नाही. ती मारतच होती. तोंडातून शब्द नाही, नुसता श्वास.

मी पुढे धावले. नथूला वाचवायला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पण माझ्या तोंडून काय निघालं ते त्या दोघांनी ऐकलं.

"हात नका मोडू त्याचा! मला फळं काढायचीयत हो!"

काठी थांबली. भागूबाईने माझ्याकडे पाहिलं. मी कोण, कशाला आले, हे तिने एवढा वेळ विचारलं नव्हतं.

"तुलापन फलच पायजे ना, बाय?" ती म्हणाली.

शेजारचा फ्रेडरिक आवाज ऐकून आला होता, त्याने नथूला आपल्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. भागूबाई पुन्हा खाली बसली आणि पानं मोजू लागली. नथूचा हात दोन ठिकाणी मोडला होता. तो आता चढत नाही. दवाखान्यात मला म्हणाला, "बरा केला तिनं," आणि तोंड भिंतीकडे केलं.

माझ्या झाडाचं वर्णन गेल्या वर्षी छापून आलं. त्यात फळावर सात ओळी आहेत: नारिंगी, तीन कप्प्यांचं, आत दोन काळ्या बिया. कॉलेजने शाल दिली, सेक्रेटरीसुद्धा समोरच्या जिन्याने येऊन अभिनंदन करून गेले. नर वाळून कोसळला. मादी त्यानंतरही फुलली, फळ एकही धरलं नाही, आणि पेरलेल्या बियांतली एकही रुजली नाही. झाडाला भागूबाईचं नाव द्यायचं माझ्या फार मनात होतं. पापडीच्या फाट्यापर्यंत दोनदा जाऊन आले. कोणत्या तोंडाने विचारणार होते? तिचा हात थांबला त्याच्या आठव्या दिवशी मी ठाण्याहून दुसरा माणूस आणून झाडावर चढवला होता.