सतराचा पाढा

मेंदूला मार लागलेल्या माणसांबद्दल वर्तमानपत्रात काही छापून आलं की मी ते उभ्यानेच वाचते. बसून वाचण्याइतका धीर मला कधीच नव्हता आणि आता सत्तरीत तो कुठून येणार! अलीकडे या लेखांत बहुतेक एकच गोष्ट असते. मार लागलेला भाग कामातून गेला तरी मेंदूचे दुसरे भाग त्याचं काम थोडंफार शिकून घेतात. त्याला महिने लागतात, कधी वर्षंही लागतात. आणि धडपड रोग्याची स्वतःची हवी, त्याच्या वाटची धडपड दुसऱ्याने करून भागत नाही. इथपर्यंत आलं की मी पेपर घडी घालून ठेवते आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाच इकडची तिकडे करते.

माझे वडील नेवासा तालुक्यातल्या आमच्याच गावी शाळामास्तर होते. मोठ्या दुष्काळाचं वर्ष होतं. रस्त्यारस्त्यावर खडी फोडायची कामं निघाली होती आणि बायाबापड्या दिवसभर हातोडे घेऊन बसलेल्या असायच्या. माघ महिन्यात एका संध्याकाळी बाबा केंद्राच्या शाळेतली बैठक आटोपून सायकलवर येत होते. वाटेत मधोमध टाकलेल्या खडीच्या ढिगावर चाक चढलं आणि ते डोक्यावर आपटले. कामावरच्या माणसांनीच त्यांना बैलगाडीत घालून आणलं.

नगरच्या दवाखान्यात ते दोन दिवस बेशुद्ध होते. तेव्हा आजच्यासारखी डोक्याच्या आतलं दाखवणारी यंत्रं नव्हती. डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारायचे, तळपायाला टाचणी टोचायचे आणि एक्स-रे उजेडात धरून बघायचे. बाबा शुद्धीवर आले. सगळं कळत होतं, सगळ्यांना ओळखत होते, पण उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं गेलं होतं. काहीही सांगायचं असलं तरी तोंडातून एकच निघायचं, "ते… ते…". तीन आठवड्यांनी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "जे काही परत यायचं ते सहा महिन्यांत येईल. त्यानंतर फारशी आशा ठेवू नका."

ते वाईट हेतूने बोलले नव्हते, त्या काळी सगळे तसंच मानत. पण माझ्यासारख्या मुलीला हे सांगायला नको होतं. मी थोरली, अकरावी होऊन घरी बसलेली, आणि अंगात शांतपणा नावालाही नाही. घरी पोचल्या पोचल्या मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर श्रावणातल्या एका तारखेला लाल पेन्सिलीने गोल केला. त्या गोलाच्या आत बाबांना बोलतं करून शाळेत उभं करायचं, बस्स. शाळेविना बाबा म्हणजे काय, याची मला कल्पनाच करता येत नव्हती. त्यांना तरी कुठे येत होती?

मग मी त्यांच्या मागेच लागले. ते "ते…" म्हणाले की मी सुरू, "पाणी? चहा? उशी? माशा बसतात? खिडकी लावू?" त्यात एखादं बरोबर निघायचंच. मग ते मान हलवायचे आणि मला जिंकल्यासारखं वाटायचं. सदऱ्याची बटणं मी लावायची, घास मी भरवायचा, चपलेत पायसुद्धा मीच सारायचा. गावातली माणसं बघायला यायची, त्यांचीही तीच तऱ्हा. "काय मास्तर, बरं हाय का? हाय, हाय, बरं हाय!" असं प्रश्न त्यांचा आणि उत्तरही त्यांचंच. बाबा नुसते एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे.

आमच्या घरी दिवे लागले की परवचा असायचा. धाकटी बहीण ओट्यावर मांडी घालून मोठ्याने पाढे म्हणायची आणि बाबा कुठे का असेनात, चुकलं की आतून ओरडायचे. ते आजारी पडल्यावरही आईने तो मोडू दिला नव्हता. चैत्रात एका संध्याकाळी धाकटी सतराच्या पाढ्याला अडली. "सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचा… सतरा पाचा…"

"पंच्याऐंशी," खाटेवरून आवाज आला.

आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. बाबा थांबलेच नाहीत. सतरा दाहे सत्तरासे म्हणूनच थांबले. मग मी भराभर सांगत गेले आणि ते म्हणत गेले, एकोणीस, तेवीस, एकोणतीस, पाव-अर्ध्याचे पाढे म्हणजे पावकी, निमकी, सगळं खणखणीत. मी अंगणात जाऊन नाचले, खोटं कशाला सांगू! शेजारच्यांना हाका मारून आणलं. मास्तर बोलायला लागले, गावभर झालं.

आता कळतं की हजारदा घोकलेलं मेंदूत वेगळ्या जागी पडून असतं. माणसाला पाणी मागता येत नाही, पण पाढा येतो, प्रार्थना येते, एखादी शिवीही येते. ते बोलणं नव्हे. पण मास्तराच्या घरात हे कुणाला सुचणार? आमच्याकडे ज्याला एकोणतीसचा पाढा येतो त्याचं डोकं शाबूत, असाच हिशेब होता.

शाळा उघडायची वेळ आली तशी मी बाबांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. कामावर हजर व्हायचं तर डॉक्टरचा दाखला लागायचा. डॉक्टरांनी नाव विचारलं, ते मी सांगितलं. वय विचारलं, तेही मीच सांगितलं. तिसरा प्रश्न यायच्या आत मी म्हणाले, "पाढे म्हणून दाखवतील ना. बाबा, पावकी म्हणा." बाबांनी म्हटली. डॉक्टरांना स्वतःची शाळा आठवली, ते हसत हसत त्यांच्याबरोबर म्हणू लागले आणि अर्ध्यात अडकले. बाबा पुढे गेले. डॉक्टरांनी सही केली. आपण किती हुशार, असं वाटून तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

परतताना एस्टीत बाबा माझ्या दंडाला धरून सारखे काही सांगत होते. "ते… ते… ते…" घामाने त्यांचा सदरा भिजला होता. मी सवयीप्रमाणे विचारत सुटले, "तहान लागली? ऊन लागतंय? उतरायचंय? भूक?" एकही लागू पडेना. शेवटी त्यांनी माझा दंड सोडला आणि तोंड खिडकीकडे केलं. दमले असतील, असं म्हणून मी दाखला पुन्हा एकदा वाचायला काढला.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी त्यांना वर्गापर्यंत सोडलं आणि घरी जायच्याऐवजी खिडकीपाशी उभी राहिले. चौथीचा वर्ग होता. अर्धा तास पाढे झाले, फार छान झाले. मग पुढच्या ओळीतली एक मुलगी उठली.

"गुर्जी, माजी पाटी फुटली. म्या कशावर लिवू?"

बाबा उठून उभे राहिले. ओठ हलले. मान ताणली. आणि मग तोंडातून आलं, "सतरा एके सतरा."

मुलांना वाटलं, पुन्हा पाढा. सगळा वर्ग एका सुरात सुटला, "सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न…" बाबांनी डावा हात वर केला. मुलं म्हणतच होती. त्यांना थांबवायला एक शब्द पुरला असता, तो त्यांच्याकडे नव्हता. हात वर धरून ते तसेच उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

आणि मी काय करावं? खिडकीतून ओरडले, "गप बसा रे सगळे!" त्यांच्या वर्गात, त्यांच्या मुलांसमोर, त्यांच्या तोंडचा शब्दही मीच बोलून टाकला.

त्या दिवसापासून बाबांनी पाढेही सोडले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. हेडमास्तर भला माणूस, त्यांनी रजा वाढवून दिली. श्रावण आला, लाल गोल आला आणि गेला. मी कॅलेंडरचं पान फाडून चुलीत घातलं. घरात एका जागी माझा पाय ठरेना. विहिरीवर जाऊन यायचं, लगेच पुन्हा जायचं, ओसरी दोनदा झाडायची. आई आठ दिवस नुसती बघत होती. मग एकदा दारातच आडवी आली.

"आगं, किती घिरट्या घालशील? बस खाली. आन् एक सांगू? तू त्यांला बोलूच देत न्हाईस. त्यांनी त्वांड उघडायच्या आदी तूच बोलून मोकळी."

मला संताप आला. एवढं मी करते आणि वर हे! दोन दिवस मी आईशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या मांडीवर मिलोने भरलेलं सूप ठेवलं. मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळायची ती परदेशी लाल ज्वारी, निम्मी कचऱ्याने भरलेली. "खाटंपाशी बसून निवड," ती म्हणाली. "सूप सरस्तवर एक सबूद काडायचा न्हाई."

काय सांगू, सुळावर बसल्यासारखं वाटायचं. बाबा "ते…" म्हणाले की जिभेच्या टोकावर दहा शब्द यायचे. मी ओठ दातांखाली धरायची आणि खडे वेचायची. ते वाट पाहायचे, मी बोलत नाही म्हणून चिडायचे, पुन्हा सुरू करायचे. कधी मला उठून पळून जावंसं वाटायचं. पण आठवड्याभराने ते भिंतीकडून माझ्याकडे वळले. पंधरवड्याने त्यांनी लुळा हात सुपात घातला. एक खडा उचलायला त्यांना केवढा वेळ लागायचा! तो मी उचलून द्यायची नाही. आणि मधूनच एखादा शब्द यायचा, अर्धामुर्धा, "पा…", "आय…".

दसरा उलटून गेला होता. डॉक्टरांची मुदत संपून दोन महिने झाले होते. त्या दुपारी बाबा काही तरी वेगळंच शोधत होते. "ते… श… शा…" कपाळावरच्या शिरा फुगल्या. माझ्याने राहवेना. सूप अजून निम्मं होतं, तरी मी बोलून गेलेच, "शाळा? शाळेत जायचंय का, बाबा?"

त्यांचा उजवा हात सुपातून उचलला गेला. हळूहळू, थरथरत तो माझ्या मनगटावर येऊन पडला.

"थांब," बाबा म्हणाले.

तो पाढा नव्हता, प्रार्थना नव्हती. मला उद्देशून, माझ्यासाठी शोधून काढलेला शब्द होता. माझे डोळे भरून आले, पण मी तोंड उघडलं नाही. आई चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली. पुढचा शब्द यायला इतका वेळ लागला की अंगणातली सावली ओट्यावर चढली.

"एस्टीत…" ते म्हणाले. मग पुन्हा बराच वेळ गेला. "शाळा… नको… म्हणत… होतो."