लाईव्हवाल्या मृणालीचा शिमगा

माझी बायको मृणाली लग्नात अक्षता टाकत नाही. हात मोकळे कुठे असतात तिचे! भटजी 'सावधान' म्हणतात तेव्हा सगळा हॉल मुठी आवळून उभा असतो आणि ही कोपऱ्यातल्या टेबलामागे, कानाला हेडफोन लावून दबक्या आवाजात किंचाळत असते, "नवरीवर ये! अगं नवरीवर! भटजींची टोपी काय दाखवतेस?"

मृणाली लाईव्ह करते. लग्न, मुंज, भजनस्पर्धा, शाळेचं गॅदरिंग, रत्नागिरीत जे काही घडतं आणि ज्याची निम्मी माणसं मुंबईला, दुबईला नाहीतर बोटीवर असतात, ते सगळं ती तिथल्या तिथे त्यांच्या मोबाईलवर पोचवते. तिच्याकडे तीन कॅमेरे आहेत. बटणांचा एक खोका आहे, त्यातलं एक दाबलं की या कॅमेऱ्याचं चित्र जाऊन त्या कॅमेऱ्याचं येतं. त्याला ती स्विचर म्हणते. दुसऱ्या खोक्यात सगळ्या कंपन्यांची सिमकार्डं कोंबलेली आहेत. त्यातून चित्र इंटरनेटवर जातं आणि त्याला ती नुसतं 'डबा' म्हणते. कॅमेऱ्यावर तिची मामेबहीण ऋतिका. आणि वायर ओढायला मी. सोमवार ते शनिवार शाळेत भूगोल शिकवतो, पोरं घाबरतात मला. रविवारी वायर चुकीची गुंडाळली म्हणून चारचौघांत बोलणी खातो.

हॉल पाहायला गेलो की ही बया आधी स्टेज बघत नाही, प्लग बघत नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरते आणि तिथल्या बायकांना विचारते, "मुंबईला फोन लावायला कुठे जाऊन उभ्या राहता?" त्या जी जागा सांगतील तिथे आमचा डबा. मग ती विहिरीचा कठडा असो, नाहीतर कोंबड्यांचं खुराडं. एकदा एका साखरपुड्यात डबा फणसाच्या झाडावर होता आणि झाडाखाली राखणीला मी. जिलब्या तिथेच आणून दिल्या लोकांनी. दया आली असेल.

तर यंदा शिमग्याच्या आधी विमलाकाकी आमच्याकडे आली. काकी आमच्या गावची, गणपतीपुळ्याच्या वाटेवर आमचं गाव आहे, आणि माझी चुलत काकी. तिचा मुलगा दर्शन बोटीवर असतो. आमच्या गावात शिमग्याला देवीची पालखी घरोघरी जाते आणि प्रत्येक अंगणात ती नाचवताना एक खांदा त्या घरच्या पुरुषाचा लागतो. काका गेल्यापासून काकीच्या अंगणात घरचा खांदाच नाही. दर्शनला शिमग्याला सुट्टी मिळतच नाही. शेजारचा कोणीतरी उभा राहतो आणि वेळ निभावते.

"गेल्या वर्षी मोबाईलवर दाखवलंस ना त्याला?" मी म्हटलं.

"काय दाखवलं कपाळ! मी फोन कानाला लावून उभी. त्याला अख्खी पालखी होईस्तोवर माझा कान दिसला."

मी हसलो. काकी हसली नाही. पदराशी चाळा करत म्हणाली, "मृणाली, पोर म्हणतो, आई, देवीला खांदा देणं कसं असतं तेच मी विसरलो. तेवढं काय करता येईल का गो?"

मृणालीने चहाचा कप खाली ठेवला. तिने कप ठेवला की मी वायरी शोधायला उठतो.

तिने ठरवलं ते असं. एक चिमुकला कॅमेरा पालखीच्या दांड्याला बांधायचा, बरोबर दर्शनचा खांदा असायचा तिथे. म्हणजे बोटीवर बसून त्याला पालखीखालून आपलं अंगण दिसेल. छान. फक्त हरिश्चंद्रतात्यांना विचारायचं राहिलं होतं. तात्या आमच्या गावचे मानकरी, देवीपुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. त्यांनी कॅमेरा हातात घेऊन खालीवर केला आणि म्हणाले, "देवीच्या दांड्याला वायर नाय लागायची. माणसाला बांध, काय तो."

मृणालीने वळून माझ्याकडे पाहिलं.

"मी?" मी म्हटलं. "माझा खांदा बघितलायस का?"

"वायर उचलून झालाय की जरा बरा," ती म्हणाली.

पालखीच्या दिवशी आम्ही टेम्पोच्या हौद्यात टेबल मांडलं, वर ताडपत्री, स्विचर, लॅपटॉप, इन्व्हर्टर. डबा काकीच्या परसातल्या रामफळावर, काकी रोज तिथूनच फोन लावते म्हणून. ऋतिका पडवीच्या पायरीवर मोठा कॅमेरा घेऊन उभी. माझ्या छातीवर पट्ट्याने आवळलेला तो छोटा कॅमेरा आणि कानात मृणाली. घरी असते त्यापेक्षा जास्त बोलत होती.

दर्शनची ड्यूटी दुपारी थोडा वेळ सुटायची. तेवढ्यात पालखी काकीच्या अंगणात यायला हवी होती. पण देवीला का आपलं टाइमटेबल माहीत असतं? वरच्या वाडीत ढोलवाल्यांना चेव आला आणि पालखी एकाच अंगणात नाचत बसली. काकी ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी. लॅपटॉपवर दर्शनची कॉमेंट आली, "वहिनी, अजून किती? मला परत खाली जायचंय." मृणालीने नखं खायला घेतली.

शेवटी आली पालखी. ढोल-ताशे, गुलाल, मुंबईहून आलेली सगळी जनता, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. आणि नेमकं तेव्हाच मृणाली कानात ओरडली, "अहो, अडकलं! चित्र अडकलं!"

डब्यात चार सिमं, आणि चारही कंपन्या एकदम मेलेल्या. का? तर मी मान वर करून पाहिलं. पालखी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर, आणि शहाणी माणसं मोबाईलवर मृणालीचं लाईव्ह बघत होती! आपण त्यात दिसतोय का ते शोधायला! एक जण तर हात वर करून हलवत होता आणि स्क्रीनवर आपला हात कधी हलतो याची वाट पाहत होता. गावात टॉवर एक, त्यावर अख्खी मुंबई चढलेली. बोटीवरच्या पोराला कुठली जागा मिळायला?

मृणाली टेम्पोतून उतरली, माईक घेतला आणि ओरडली, "मोबाईल बंद करा! हात जोडते, बंद करा!" लोकांनी कौतुकाने तिच्याकडे पाहिलं आणि मोबाईल तिच्याकडे वळवले. मला इतका संताप आला म्हणून सांगू, एकेकाला वर्गाबाहेर उभं करावंसं वाटलं.

काकीने ताट पायरीवर ठेवलं आणि ती मृणालीला म्हणाली, "जाऊ दे गो. त्याच्या नशिबातच नाय."

मृणाली तशीच तात्यांकडे गेली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग काकीकडे, आणि हात वर केला. ढोल थांबले. पालखी चौरंगावर टेकली. तात्यांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं. गाऱ्हाण्याला हे म्हणावंच लागतं. तोंडून आपसूक येतं.

"आज वर्सान् तू ह्या लेकराच्या अंगणात आलीस. ह्या घरचा पोर बोटीवर हाय, त्याची सेवा तिथनंच मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आन् ह्या अंगणात ज्याचा मोबाईल चालू ऱ्हाईल, त्याला तो तुझ्या पायाशी ठेवून मोकळ्या हातान् घरी जायची बुद्धी दे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

शब्द अर्ध्यावर आला आणि मग लोकांना कळलं की आपण कशाला होकार दिला. पण देवीसमोर तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? मग खिसे, पर्स, कमरेच्या पिशव्या, सगळीकडे फटाफट मोबाईल बंद. हात हलवणारा तो इसम सगळ्यात आधी.

"आलं!" टेम्पोत परतलेली मृणाली कानात ओरडली. "आलं, आलं! दर्शनला दिसतंय! अहो, लागा खांद्याला!"

काकीने ओटी भरली. पालखी उचलली गेली. मी दर्शनच्या जागेवर खांदा दिला आणि ढोल सुरू झाले. पालखी खांद्यावर घेऊन नाचणं म्हणजे काय हे भूगोलाच्या मास्तरला त्या दिवशी कळलं. कंबरेने तिथेच राजीनामा दिला. पण नाचलो. छातीवरचा कॅमेरा अंगण, आकाश, रामफळ, गुलाल, सगळं हिंदकळत दाखवत होता आणि मृणाली तेच चित्र बोटीवर सोडत होती.

ढोल मंदावले. काकी खांदेकऱ्यांना कुंकू लावत लावत माझ्यापर्यंत आली. पण तिने माझ्या कपाळाकडे पाहिलंच नाही. ती माझ्या छातीकडे बघत होती.

"बारीक झालास रे," ती कॅमेऱ्याला म्हणाली. "जेवतोस ना वेळेवर?"

आणि तिने गालावरून फिरवावा तसा हात कॅमेऱ्यावरून फिरवला आणि मग तिथेच ठेवला. अख्खा तळवा.

म्हणजे चित्र काळं. मला कळत होतं, आता दुबईपासून डोंबिवलीपर्यंत सगळे 'चित्र गेलं, चित्र गेलं' लिहीत असणार. ऋतिकाचा कॅमेरा समोर तयार होता, एक बटण दाबायचा अवकाश. "मृणाली, बदल ना," मी पुटपुटलो. मला रडू येत होतं आणि खांद्यावर पालखी असल्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती.

"बोट बटणावरच आहे," ती कानात म्हणाली. मग ती म्हणाली, "दर्शनने लिहिलंय."

"काय?"

"वहिनी, बदलू नको."

आणि मृणालीने बटणावरचं बोट काढून घेतलं.